साठावरून एकवर: ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्याचं प्रकरण

ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर, म्हणजे सुट्या गाण्यांच्या खपाच्या यादीवर, कॉर्नरशॉप नावाच्या बँडचं एक गाणं साठाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि खाली आलं. फेब्रुवारी १९९८ च्या अखेरीस तेच गाणं, त्याच बँडच्या नावावर, त्याच गायकाच्या आवाजात, पहिल्या क्रमांकावर होतं. ‘टायटॅनिक’मधलं सेलीन डिऑनचं गाणं त्याने एका आठवड्यापुरतं खाली ढकललं. पुढच्या आठवड्यात मॅडोनाने त्याला हटवलं. शब्द तेच होते, चालही तीच. फरक एवढाच, की मधल्या काळात ब्रायटनच्या नॉर्मन कुक या डीजेने त्याचा रीमिक्स केला होता, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणच घेऊन त्याची नव्याने जुळणी केली होती.

गाण्याचं नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. यातली आशा म्हणजे आपल्या आशाताई भोसले. म्हणूनच मराठी वाचकाला हे प्रकरण जरा जास्त जवळचं वाटावं. पण ते निवडण्याचं माझं कारण वेगळं आहे. रॉक गाण्याला नाचाचा ठेका लावला की ते चालतं, असा एक समज आहे. त्याच्या उलट बाजूला, ठेका लावला की गाण्याचा आत्मा जातो, हाही समज तितकाच पक्का आहे. या गाण्यात दोन्ही समज अडखळतात. रीमिक्स का चालला याचं उत्तर कुकच्या हुशारीत थोडं आहे आणि मूळ गाण्यात जास्त.

बँड आणि त्याचं गाणं

कॉर्नरशॉप १९९१ साली लेस्टरमध्ये सुरू झाला. म्होरक्या तजिंदर सिंग, ब्रिटनमध्येच वाढलेला पंजाबी. सोबत बेन एअर्स वगैरे मंडळी. ब्रिटनमध्ये आशियाई माणूस म्हटला की कोपऱ्यावरचा दुकानदार, ही तिथली ठरीव समजूत. यांनी तीच उचलून बँडला नाव म्हणून लावली. पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, १९९३ ची, आणि तिच्या तबकडीचा रंग करीचा! १९९२ साली मॉरिसी हा तिथला लाडका गायक मंचावर ब्रिटिश झेंडा पांघरून वावरला. त्यातून वंशवादाला खतपाणी मिळतं असं यांचं म्हणणं होतं, म्हणून त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात यांनी त्याचं चित्र जाळलं. थोडक्यात, मंडळी तिखट होती. वाजवण्यात मात्र सुरुवातीला बरीच कच्ची होती, आणि ते लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाहीत.

१९९७ चा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ हा त्यांचा तिसरा अल्बम. त्यात बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ पंजाबीत आहे, अमेरिकन कवी अ‍ॅलन गिन्सबर्गचा आवाज आहे, ढोलकी आहे, हिप-हॉपचे ठेके आहेत. आणि ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आहे, पाच मिनिटांहून थोडं लांब. मोजक्या कॉर्डांवर सरळ खरडत जाणारी इलेक्ट्रिक गिटार, साधे ड्रम, वरती तजिंदरचा काहीसा आळसावलेला, बोलल्यासारखा आवाज. समेवर आदळून काही सांगण्याची त्याला घाई नाही.

विषय आहे हिंदी सिनेमाचं पार्श्वगायन. पडद्यावर नटी नाचते आणि तिच्यामागे उभी राहून कुणी दुसरीच गाते, ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट आहे की तिचं नवल वाटेनासं झालंय. ब्रिटनमध्ये गिटार घेऊन वाढलेल्या मुलाला तिचं नवल वाटलं. गाण्यात आशाताईंबरोबर लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी येतात, आकाशवाणी येते, जमैकन संगीत छापणारी ट्रोजन रेकॉर्ड्स येते, फ्रेंच गायक जॅक द्युत्रोंक येतो, सॉलिड स्टेट रेडिओ येतो. फर्ग्युसन मोनोही येतो. पुणेकरांनी इथे कॉलेज समजू नये. फर्ग्युसन हा ब्रिटनमधला रेडिओ-टीव्हीचा ब्रँड होता. अमुक मुंबईचं आणि तमुक लंडनचं अशी वर्गवारी या यादीत कुठेच नाही. परदेशी वाढलेल्या एका मुलाच्या घरातलं हे सगळं एकत्र पडलेलं सामान आहे. गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा पंचेचाळीस हा आकडा म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची छोटी तबकडी. गाण्याच्या व्हिडिओतही एक मुलगी आपल्या खोलीत बसून अशाच तबकड्या लावते आणि बँड त्यांच्या वेष्टनांवर वाजवताना दिसतो.

म्हणजे हे गाणं घरात बसून ऐकण्याबद्दलचं आहे. क्लबात नाचण्याबद्दल त्यात काही नाही. ही गोष्ट पुढच्यासाठी लक्षात ठेवायला हवी.

साठावा क्रमांक आला तरी गाणं मेलं नाही. बीबीसी रेडिओ वनवर जॉन पील दर वर्षाअखेरीस श्रोत्यांच्या मतांवरून पन्नास गाण्यांची यादी वाजवायचा. त्याला ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ म्हणत. १९९७ च्या यादीत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ पहिलं आलं. रीमिक्स बाजारात येण्याआधीच कानसेनांच्या एका जागरूक वर्तुळाने त्यावर शिक्का मारला होता. ‘रीमिक्सने गाणं वाचवलं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांना हा निकाल दाखवावा.

कुकने काय केलं

नॉर्मन कुक तेव्हा काही नवखा नव्हता. ऐंशीच्या दशकात तो हाउसमार्टिन्स या गिटार बँडचा बास वादक होता. १९९० मध्ये बीट्स इंटरनॅशनल या नावाखाली त्याने ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तो फॅटबॉय स्लिम या नावाने ब्रायटनच्या क्लबांत वाजवत होता. तिथल्या ‘बिग बीट बुटीक’ या क्लब-रात्रीवरून एका अख्ख्या शैलीचं नाव लोकांच्या तोंडी बसलं: बिग बीट. हिप-हॉपचे जड तुटक ठेके, रॉकची गिटार, अ‍ॅसिड हाउस या क्लब-संगीताची नशा, आणि सगळ्यावर एक उनाड खुशमिजाजी. म्हणजे गिटारवाल्यांची भाषाही त्याला येत होती आणि नाचणाऱ्यांचीही. या रीमिक्सवर मात्र त्याने फॅटबॉय स्लिम हे नाव लावलं नाही, नॉर्मन कुक हेच ठेवलं.

त्याची सामग्री आजच्या मानाने अगदी तुटपुंजी: अटारी एसटी संगणक आणि अकाई कंपनीचा सॅम्पलर. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून तो हवा तिथे, हवा त्या वेगाने वाजवणारं यंत्र. कुकने गाण्याचा वेग वाढवला आणि त्याबरोबर स्वरही वर नेला.

हे दोन्ही एकत्र का घडतं, ते हार्मोनियमवर समजून घेता येतं. ध्वनिमुद्रण जसंच्या तसं जोरात फिरवलं की लय वाढते आणि पट्टीही चढते. साधारण सहा टक्के वेग वाढला की पट्टी एक अर्धस्वर वर जाते, म्हणजे पांढरी एक होती ती काळी एक होते. बारा टक्क्यांना दोन अर्धस्वर, पांढरी दोन. ३३ फेऱ्यांची तबकडी चुकून ४५ वर लावली तर वेग ३५ टक्के वाढतो आणि पट्टी पाच अर्धस्वरांहून थोडी अधिक उडी मारते. लहानपणी कुणी ना कुणी घरातल्या रेकॉर्डप्लेयरवर हा उद्योग केलेला असतोच, आणि त्यातून निघणारा चिरका आवाज ऐकून हसलेलं असतं. लय वाढवून पट्टी तीच ठेवण्याची सोय सॅम्पलरमध्ये तेव्हाही होती, पण तिने आवाज खरखरीत व्हायचा. शिवाय थोडी वर गेलेली पट्टी क्लबात कामाची असते. आवाजात एक उतावीळपणा येतो, गाणारा माणूस जरा तरुण वाटतो.

तजिंदरच्या बाबतीत तेच झालं. मूळ गाण्यात तो सोफ्यावर रेलून गातोय असं वाटतं. रीमिक्समध्ये तो उठून उभा राहिलेला आहे. खाली कुकने भरीव ड्रम घातले, बास पुढे आणला आणि गिटारचा तुकडा चक्राकार फिरवत ठेवला. ध्रुवपद, म्हणजे उशीला प्रत्येकाला कुणाचा तरी ऊर हवा अशा अर्थाची ती ओळ, इतक्या वेळा आणि इतक्या मोक्याच्या जागी येते की दुसऱ्यांदा ऐकणाऱ्यालाही ती पाठ होते.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कुकने जे केलं नाही ते. त्याने आवाज कापून त्याचे शब्द-शब्द वेगळे केले नाहीत. गिटार काढून तिथे सिंथेसायझर ठेवला नाही. रॉकची गाणी क्लबात नेणारे बहुतेक जण नेमकं हेच करायचे: आवाजाची एखादी ओळ ठेवायची, बाकी सगळं फेकायचं आणि खाली अगदी वेगळं गाणं बांधायचं. टोरी एमस या अमेरिकन गायिकेच्या ‘प्रोफेशनल विडो’चं आर्मंड व्हॅन हेल्डन या डीजेने असंच केलं. जानेवारी १९९७ मध्ये तेही ब्रिटनमध्ये पहिलं आलं आणि ते भन्नाट आहे, यात शंका नाही, पण मूळ गाणं त्यात शोधावं लागतं. कॉर्नरशॉपच्या रीमिक्समध्ये मूळ गाणं शोधावं लागत नाही.

मग चाललं का?

याचं कारण मूळ गाण्याच्या बांधणीत आहे. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ऐकताना ते रॉक वाटतं, पण रॉक गाण्याचा नेहमीचा प्रवास त्यात नाही. कडवं, चढण, स्फोट, मग गिटारची सोलो, असं काही घडत नाही. त्याच कॉर्ड फिरतात, फिरत राहतात. शब्दही यादीच्या रूपाने येतात: नाव, मग आकडा, मग पुढचं नाव, पुन्हा आकडा. भजनी मंडळात एक ओळ धरून टाळकरी ती घोळवत राहतात आणि लय हळूहळू चढते, तसं त्याचं वळण आहे. या बँडने आधीही असं केलं होतं. १९९५ च्या अल्बममधलं ‘सिक्स एएम जालंधर शेर’ हे गाणं एकाच सुरावटीवर घोळत राहतं.

आवर्तनावर उभं असलेलं गाणं क्लबात न्यायला त्याचा कणा मोडावा लागत नाही. डीजेला जे फिरणारं चक्र लागतं, ते तजिंदरने आधीच बनवून ठेवलं होतं. कुकने त्याचा वेग वाढवला आणि तळ भक्कम केला. ‘हे गाणं जरा जोरात असतं तर’ हा विचार त्याच्या जागी दुसऱ्या कुणालाही सुचला असता, असं मला वाटतं. फक्त एवढ्यावरच थांबण्याचा संयम फार थोड्यांकडे असतो.

दुसरं कारण काळाचं. १९९७-९८ मध्ये ब्रिटनमधली ब्रिटपॉपची, म्हणजे तिथल्या गिटार बँडांच्या पॉप संगीताची, लाट ओसरू लागली होती आणि गिटारवाल्या पोरांना नाचायला आवडतं हे रेकॉर्ड कंपन्यांना कळून चुकलं होतं. त्याच वसंतात रन-डीएमसी या अमेरिकन गटाच्या जुन्या रॅपचा जेसन नेव्हिन्सने केलेला रीमिक्स ब्रिटनमध्ये सलग सहा आठवडे पहिला होता. त्याआधी एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडीचं ‘मिसिंग’ १९९४ मध्ये एकोणसत्तराव्या क्रमांकावर अडकलं होतं. टॉड टेरीच्या रीमिक्सने १९९५ मध्ये ते तिसऱ्या क्रमांकावर आणलं. पडलेलं गाणं क्लबातून पुन्हा उठवायचं, ही वाट तोवर मळलेली होती. आशियाई आवाजांनाही थोडी जागा झाली होती: लंडनमध्ये तल्विन सिंगची ‘अनोखा’ ही क्लब-रात्र गाजत होती. कॉर्नरशॉप त्या तबला-आणि-ड्रम गटात कधीच नीट बसला नाही, पण कान तयार व्हायला त्या हवेची मदत झालीच असणार.

काय हरवलं

हरवलं ते सामान. मूळ गाण्यात एकेक नाव ऐकू येतं आणि ऐकणारा क्षणभर त्याच्यापाशी थांबतो. कोण ही आशा? हा रफी कोण? आकाशवाणी इथे कशी? आळसावलेल्या लयीमुळे हे प्रश्न पडायला फुरसत मिळते. रीमिक्समध्ये नावं नादापुरती उरतात. १९९८ साली लीड्स किंवा मँचेस्टरच्या क्लबात हात वर करून ‘आशा’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ती सांगलीत जन्मलेली, मास्टर दीनानाथांची मुलगी आहे हे ठाऊक असेल, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

पण मला या तक्रारीत पूर्ण दम वाटत नाही. या गाण्याचा विषयच दुसऱ्याच्या शरीराला आपला आवाज देणं हा आहे. आशाताईंनी वर्षानुवर्षं कॅबरेपासून लावणीपर्यंत कुणाकुणाच्या ओठांसाठी गायलं, आणि पिटातल्या प्रेक्षकाने शिट्टी मारली ती नटीला पाहून. तजिंदरने यावर गाणं लिहिलं आणि सहा महिन्यांत त्याच्यावर तीच पाळी आली. आवाज त्याचा, नाच कुकचा, शिट्ट्या नाचाला. आजही अनेक लोक हे फॅटबॉय स्लिमचं गाणं म्हणून सांगतात. तजिंदरसाठी हे गोड नसावं. गाण्याच्या आशयाशी मात्र ते विलक्षण जुळतं.

कागदावर हिशेब वेगळा होता. रीमिक्सवर बँडचं नाव पुढे राहिलं, गीतकार-संगीतकार म्हणून तजिंदर सिंगचं श्रेय तसंच राहिलं. रीमिक्स रीतसर होता, मूळ ध्वनिमुद्रणावर केलेला, कुठूनतरी उचललेला नव्हे. इथे आपल्याकडच्या त्याच काळाशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे ‘रीमिक्स’ म्हणून जे विकलं गेलं, ते बहुतेक वेळा रीमिक्स नव्हतंच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे) मध्ये एक सवलत होती: मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन कॅलेंडर वर्षं उलटली की रीतसर सूचना देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता येत असे. त्यामुळे जुनं गाणं, नवी स्वस्त गायिका, खाली ड्रम मशीन आणि वर भडक व्हिडिओ, असा धंदा सुरू झाला. २००२ चं ‘काँटा लगा’ आठवत असेलच. मूळ लताबाईंचं, १९७२ च्या ‘समाधी’तलं. असल्या प्रकारांबद्दल लताबाईंनी आपली नाराजी कधी लपवली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांवर नेली आणि अटी कडक केल्या. बर्मिंगहॅमच्या बॅली सागूने १९९४ मध्ये आर. डीं.ची ‘चुरा लिया’सारखी गाणी नव्या गळ्यांतून गाऊन घेतली, त्यात निदान संगीताची समज होती.

फरक असा, की कुकच्या हातात मूळ आवाज होता, म्हणून त्याला त्या आवाजाशी वागावं लागलं. तो किती ताणता येईल, कुठे मोकळा सोडायचा, याचा विचार करावा लागला. आपल्याकडच्या कारागिरांच्या हातात फक्त चाल होती. आवाज नसला की जबाबदारीही नसते.

आणि आशाताई? त्या या खेळात मुळीच अडाणी नव्हत्या. १९९५ मध्ये, बासष्टीच्या उंबरठ्यावर, त्यांनी रहमानकडे ‘रंगीला’ची गाणी गाऊन उर्मिला मातोंडकरला आवाज दिला होता. संगीतकार लेझ्ली लुईसबरोबर ‘राहुल अँड आय’ या अल्बममध्ये पंचमची जुनी गाणी नव्या ठेक्यांवर त्यांनी स्वतःच पुन्हा गायली, आणि १९९७ मध्ये, म्हणजे कॉर्नरशॉपचं गाणं निघालं त्याच वर्षी, त्यांचा ‘जानम समझा करो’ हा अल्बम टीव्हीवर धुमाकूळ घालत होता. तिकडे त्यांच्यावर गाणं लिहिलं जात होतं, इकडे त्या स्वतःच नव्या ठेक्यावर गात होत्या. पुढे २००५ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या अमेरिकन चौकडीबरोबर आर. डीं.ची गाणी त्यांनी व्हायोलिन-चेलोच्या साथीने गायली, आणि तिथेही कुठे बिचकल्या नाहीत.

नंतर

कुकचं १९९८ हे वर्ष सोन्याचं ठरलं. उन्हाळ्यात ‘द रॉकाफेलर स्कँक’, शरदात दुसरा अल्बम, आणि जानेवारी १९९९ मध्ये ‘प्रेझ यू’ पहिल्या क्रमांकावर. १९९८ ची सुरुवात दुसऱ्याच्या गाण्याने झाली, हे त्याच्या चाहत्यांना फारसं आठवत नाही.

कॉर्नरशॉपचं पुढचं सिंगल ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये रीमिक्सआधी साठच्या पुढे न सरकलेल्या बँडसाठी हा आकडा वाईट नाही, पण एकवरून पाहणाऱ्याला ती घसरगुंडी दिसते. एक गाणं गाजलं की त्याचं माप पुढच्या प्रत्येक गाण्याला लावलं जातं, आणि इथे तर ते माप दुसऱ्याने बनवलेलं होतं. कुकसारखंच आणखी एक करा, असा आग्रह बाजाराने धरला असता तर नवल नव्हतं. तजिंदर आणि बेनने १९९९ मध्ये क्लिंटन हे वेगळं नाव घेतलं आणि नाचायच्या संगीताचा अख्खा अल्बम स्वतःच बनवला. तो कुकच्या रीमिक्सपेक्षा कितीतरी विक्षिप्त होता आणि त्या मानाने फारच कमी खपला. कॉर्नरशॉपच्या नावाने पुढचा अल्बम यायला २००२ उजाडलं.

दोन्ही आवृत्त्या आज सहज मिळतात. नव्याने ऐकणाऱ्याला मी आधी मूळ ऐकायला सांगेन, हेडफोन लावून, नावं कानावर पडू देत. रीमिक्स त्यानंतर, आणि तो बसून ऐकण्याचा हट्ट धरू नये.